आच्छादन पिकातला पैसा: युरिया विसरा, हजेरी मोजा

हिरवळीच्या खतावरचं भाषण कुठंही ऐका, पहिला मुद्दा ठरलेला असतो: ताग-धेंचा पेरा, हवेतलं नत्र फुकट मिळेल, युरियाचे पैसे वाचतील. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पैशाचा मुद्दा म्हणून मात्र तो एकदा कागदावर मांडून बघाच.

४,००० चौरस मीटर शेत धरू, म्हणजे ढोबळ मानाने एक एकर. आपल्या गोव्यातल्या एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर क्षेत्र चौरस मीटरमध्येच असतं, म्हणून माप तेच ठेवतो. धेंचा बरा उगवला तर चौरस मीटरला दीड किलो ओला पाला मिळतो, म्हणजे सगळा मिळून सहा टन. ओल्या पाल्यात नत्र साधारण ०.४ टक्के, म्हणजे २४ किलो. युरियात नत्र ४६ टक्के असतं, तेव्हा तेवढ्यासाठी ५२ किलो युरिया लागेल. ४५ किलोची नीमकोटेड गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. वाचले किती? ३१० रुपयांच्या आसपास. त्यासाठी १५-२० किलो बियाणं विकत आणणारा माणूस पेरणीच्या दिवशीच तोट्यात गेलेला असतो.

युरिया स्वस्त आहे, कारण त्याची बरीचशी किंमत सरकार भरतं. गोव्यात महाग आहे ते वेगळंच: माणसाची हजेरी (दिवसाची मजुरी), ट्रकने आणावं लागणारं शेणखत, आणि नोव्हेंबर ते मे नुसतं पडून राहणारं शेत. आच्छादन पिकाचा, म्हणजे जमीन झाकायला किंवा गाडून खत करायला पेरलेल्या पिकाचा, पैसा या तीन ठिकाणी आहे. तिथे तो निघत नसेल तर पीक पेरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचे दर उदाहरणादाखल धरलेले आहेत. हजेरी ७०० रुपये धरली आहे. तुमच्या वाड्यावर जो दर चालतो तो घालून बेरीज पुन्हा करा.

आधी वहीत चार रकाने

पेरणीच्या आधी एका पानावर चार रकाने आखा: नवा खर्च, बुडणारं उत्पन्न, वाचणारा खर्च, नवं उत्पन्न. पहिल्या दोघांची बेरीज शेवटच्या दोघांच्या बेरजेतून वजा करायची. एवढंच गणित आहे, पण त्यात दोन नियम कडक पाळा.

एक, जो खर्च तुम्ही गेल्या वर्षी केलाच नव्हता तो ‘वाचला’ म्हणून लिहायचा नाही. शेणखत कधी विकत घेतलंच नसेल तर शेणखताचा ट्रक वाचला असं म्हणता येत नाही. बहुतेक फुगलेले हिशेब इथंच फुगतात. दोन, घरच्या माणसांची हजेरी धरायची. तुम्ही आणि घरची मंडळी राबलात म्हणून काम फुकट झालं असं होत नाही. त्या दिवशी दुसरं काम बुडालेलं असतं.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील असं सांगत कुणी आलं तर ऐकून घ्या, पण त्या रकान्यात शून्य लिहा. हातात आल्यावर बघू.

मग जमीन बघा, पीक नंतर

आपल्याकडे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे कुठलं आच्छादन पीक चालेल हे बियाण्याच्या पिशवीवरून ठरत नाही, शेत कुठले महिने रिकामं आहे आणि तेव्हा ओल किती आहे यावरून ठरतं.

सरद (पावसाळी) भात निघाल्यावर पाण्याअभावी पडून राहणारं शेत असेल तर अळसांदे (गावठी चवळी) किंवा कुळीथ. तिळारीचा कालवा, अंजुणे किंवा साळावली धरणाचं पाणी मे महिन्यात मिळत असेल तर भाताआधी धेंचा. खाजन शेतातही (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) धेंचाच, कारण तो खार आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसतो. तागाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. उतारावरची नवी काजू लागवड असेल तर ताग, आणि माडांच्या आळ्यात चवळी. कुळागराचं काय, असं विचाराल तर काही करू नका. पोफळी, केळी, मिरी यांच्या सावलीत जमीन आधीच झाकलेली असते, पालापाचोळा वरून पडतच असतो. तिथे बियाण्यावर पैसा घालणं म्हणजे पावसात शिंपणं.

जमीन वर्षाच्या बोलीवर कसत असाल तर फक्त त्याच वर्षी पैसे देणारं पीक घ्या. जमिनीचा पोत सुधारायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर शेत दुसऱ्याकडे गेलेलं असू शकतं.

पडीक सरद शेतात अळसांदे

सगळ्यात खात्रीचा पैसा मला इथे दिसतो, कारण माल विकता येतो. गोव्यात अळसांद्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अळसांदे बाहेरच्या चवळीपेक्षा जास्त भावाने जातात, आणि घेणारी बाई दाणा हातात घेऊन ‘गावठीच ना?’ हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही.

भात कापल्यावर ओलीकडे लक्ष ठेवा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, की दुसऱ्या दिवशी नांगरणी. गोळा न फुटता चेपला तर चार दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. अशा शेतात अळसांद्याऐवजी कुळीथ टाका, तो कमी ओलीत निभावतो. साधारण नोव्हेंबरमध्ये ही वेळ येते, सखल शेतात थोडी उशिरा.

अळसांद्याचा दाणा मोठा, म्हणून ४,००० चौरस मीटरला १० किलो बी धरा. बियाण्याला रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) चोळा: १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. ओळींत एक ते दीड फूट अंतर ठेवा, नाहीतर शेंगा तोडायला आत शिरता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा भांगलणी केली की पुढं वेलाचा पाला जमीन झाकतो आणि तण मागे पडतं.

शेंड्यांवर काळा मावा येतो. पाच-सहा झाडांवर दिसला की तेवढेच शेंडे खुडून शेताबाहेर जाळा. तिथे हात आखडलात तर पुढे सगळ्या शेतावर फवारणीचा खर्च येतो.

आता हिशेब. नांगरणी दोन तास, २,००० रुपये. बी १० किलो, १५० च्या भावाने १,५००. पेरणी दोन हजेऱ्या, १,४००. भांगलणी तीन हजेऱ्या, २,१००. शेंगा तीन-चार खेपांत तोडायला सहा हजेऱ्या, ४,२००. झोडपणी, वाळवणी दोन हजेऱ्या, १,४००. फवारणीला ५०० बाजूला. एकूण १३,१०० रुपये. २०० किलो दाणा निघाला आणि सरासरी १२० रुपये किलोने गेला तर २४,००० येतात. हातात १०,९०० राहतात. पण मी आधी दुसरा आकडा बघतो: खर्च भरून यायला किती किलो पाहिजेत? १३,१०० भागिले १२०, म्हणजे जवळजवळ ११० किलो. तेवढं तुमच्या शेतात निघेल याची खात्री नसेल तर पहिल्या वर्षी १,००० चौरस मीटरवरच करा.

शेंगा झाल्यावर वेल उपटू नका, जमिनीत गाडा. मात्र खताच्या रकान्यात फार काही लिहू नका. अळसांद्याने धरलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर बाजारात जातो. घरी गाय असेल तर वेल चारा म्हणूनही चालतो, पण मग तो रकाना चाऱ्याचा. एकच वेल दोन ठिकाणी मोजायचा नाही.

या सगळ्याला एक मोठी अडचण आहे: मोकळी गुरं. भात निघालं की सगळं शेत गुरांचं, ही आपल्याकडची जुनी रीत. एकट्याने हिरवं पीक केलं तर आठ दिवसांत शेत साफ होतं. त्यामुळे पेरणीच्या आधी लागून असलेल्या आठ-दहा शेतकऱ्यांशी बोला. खाजनात असाल तर कूळ संघाच्या (कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाच्या) बैठकीत विषय काढा. सगळ्या पट्ट्याने मिळून केलं तर राखणीचा खर्च वाटला जातो. एकट्यालाच करायचं असेल तर कुंपणाचा खर्च वहीत चढवा, तो एका वर्षात निघत नाही, पाच-सात वर्षांवर पसरा. रानाला लागून असेल तर रानडुक्कर आणि मोर यांनाही धरूनच चाला.

भाताआधी धेंचा: कुणाला परवडतो, कुणाला नाही

त्याच ४,००० चौरस मीटरवर बी १,६०० रुपये, फोकायला अर्धी हजेरी ३५०, गाडायला टिलरची एक जादा पाळी १,०००. खर्च २,९५०. तुम्ही फक्त युरिया घालत असाल तर वाचले ३१०, म्हणजे २,६४० चा तोटा.

तुम्ही दर वर्षी शेणखत विकत घेत असाल तर चित्र उलटं होतं. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. धेंच्याच्या २४ किलो नत्राच्या जागी पावणेपाच टन शेणखत लागेल. भाड्यासकट ते ८,००० ला पडत असेल आणि पसरायला दोन हजेऱ्या लागत असतील तर ९,४०० वाचतात, खर्च वजा जाता ६,४५०. शेत तेच, पीकही तेच. एका शेतकऱ्याला तोटा आणि मेरेपलीकडच्याला (बांधापलीकडच्याला) नफा.

वेळेचा मेळ मात्र घट्ट बसवावा लागतो. धेंच्याला ४० ते ४५ दिवस पाहिजेत आणि भाताची लावणी जुलैत. म्हणजे पेरणी मेच्या उत्तरार्धात, कालव्याच्या पाण्यावर किंवा वळवाच्या सरींवर. पाणी नसेल आणि वळीव हुकला तर त्या वर्षी नाद सोडा. लावणी मागे ढकलून धेंचा वाढवणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. अशा शेतकऱ्याने मेरांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावावं. फांद्या खोचल्या की जगतात, पाला जूनमध्ये छाटून चिखलात तुडवता येतो, आणि दर वर्षी बियाणं लागत नाही.

गाडायची वेळ पंचांगावरून ठरवू नका, झाड बघा. पहिली पिवळी फुलं दिसली की एक खोड मधोमध वाकवा. वाकून सोलल्यासारखं झालं तर वेळ बरोबर आहे. ‘कट’ असा आवाज होऊन मोडलं तर ते लाकूड झालंय. ते कुजायला वेळ घेतं आणि कुजताना जमिनीतलं नत्र स्वतःच धरून ठेवतं. आणखी एक झाड मुळासकट अलगद खणून काढा. मुळांवरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी किंवा तांबूस दिसली तर नत्र धरलं जातंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठी आहेत पण काम करत नाहीत. आपल्या जांभ्या दगडाच्या आम्ल जमिनीत असं होतं. तिथे आधी माती तपासा. चुना आणि रॉक फॉस्फेट कमी पडत असेल तर धेंच्याचं बी दुप्पट टाकूनही उपयोग नाही. माती परीक्षणाचं आणि बियाण्याचं विचारायला जुने गोवे इथली आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था सोयीची पडते.

गाडल्यावर भातासाठी आठवडाभर थांबलं तरी पुरतं, कारण पाण्याखाली कोवळा पाला पटकन कुजतो. भाजीपाल्यासाठी दोन ते तीन आठवडे द्या.

बियाण्याचा खर्च उडवायचा असेल तर ४०० चौरस मीटरचा एक कोपरा, किंवा मेरेच्या कडेची एक ओळ, जुलै-ऑगस्टमध्ये बियाण्यासाठी पेरून ठेवा. पुढच्या वर्षापुरतं बी त्यात निघतं. मग वरच्या हिशेबातले १,६०० जातात आणि युरियावाल्याचाही तोटा हजारावर येतो.

काजूत: बेणणीचा खर्च

सत्तरी, डिचोली, पेडणे, धारबांदोडा, कुठंही जा, काजूवाल्याचं पावसाळ्यानंतरचं दुखणं एकच: बेणणी, म्हणजे झाडांमधलं तण-झुडूप कापून काढणं. एका हेक्टरात सात मीटरवर लावलेली २०० कलमं धरा. एका बेणणीला १२ हजेऱ्या लागल्या तर ८,४०० रुपये.

जूनच्या पहिल्या सरींवर, मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी, दोन ओळींच्या मधल्या जागेत ताग पेरा. उतारावर आडव्या ओळीत, चिमूटभर माती लोटून. नुसतं फोकलं तर पहिल्या धो धो पावसात बी खालच्याच्या शेतात जातं. कलमाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा. दीड महिन्याने ग्रास कटरने कापून पाला कलमाच्या बुंध्यापासून वीतभर लांब पसरवा. बुंध्याला चिकटवलात तर वाळवीला आमंत्रण.

खर्च: २५ किलो बी २,५००, पेरणी चार हजेऱ्या २,८००, ग्रास कटर दोन दिवस ३,०००. एकूण ८,३००. एक बेणणी वाचली तर ८,४००. नफा शंभर रुपये! आणि आताच ग्रास कटरने चार दिवसांत, ६,००० मध्ये बेणणी उरकत असाल तर उलट २,३०० चा तोटा.

इथे पैसा कलमं वाचण्यात आहे. नव्या लागवडीत पहिला उन्हाळा मारतो. समजा एरवी ३० कलमं मरतात आणि आच्छादनामुळे १५ वाचली. नवं कलम, खड्डा, लावणी मिळून २५० रुपये धरले तर ३,७५० झाले, शिवाय त्या प्रत्येक झाडाचं मागे पडलेलं एक वर्ष वाचलं. म्हणून नव्या लागवडीत पहिली तीन वर्षं ताग करा, पुढे सोडून द्या. झाडांची सावली पडली की तण आपोआपच कमी होतं.

प्युएरेरियासारखे कायमचे वेल रबराच्या बागेत चांगले. एकदा लागले की दर वर्षी बी नको. बी मात्र कठीण कवचाचं. कडकडीत नव्हे, पण हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावं लागतं. फळाला आलेल्या काजूत हे वेल नकोतच. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोंडू आणि बी जमिनीवर पडतं, आणि वेलात पडलेली बी शोधायला वेचणाऱ्याला दुप्पट वेळ लागतो. बोंडू सापडेपर्यंत नासला तर हुर्राक-फेणीसाठीही जात नाही. काजूखालची जमीन जानेवारीअखेर मोकळी दिसलीच पाहिजे.

माडाच्या आळ्यात

हे थोडक्यात. पावसाच्या सुरुवातीला १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात १०० ग्रॅम चवळी फोका, फुलावर आली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथेच कुदळीने गाडा. आळ्यामागे १५ ते २५ किलो पाला मिळतो. १०० माडांना १० किलो बी, १,५०० रुपये. आळी साफ करायची एक पाळी वाचते तिथेच हे पैसे निघतात, आणि डिसेंबरनंतर ओल जास्त दिवस टिकते. शेतीची वीज स्वस्त आहे, तेव्हा पंपाच्या बिलात फार वाचेल असं धरू नका; पाइप ओढणाऱ्या माणसाचा वेळ वाचतो, तो धरा. पालाश मात्र कमी करू नका. माडाला वर्षाला १,२०० ग्रॅम पालाश लागतं आणि कुठलीच चवळी ते हवेतून आणत नाही.

माप आणि कागद

बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. कापणीच्या दिवशी शेतात तीन ठिकाणी टाका: एक बरं, एक मध्यम, एक वाईट. आतला पाला कापून ताणकाट्यावर तोला आणि सरासरी काढा. चौरस मीटरला किलोपेक्षा कमी आला तर त्या वर्षी खत कमी करू नका. ४,००० चौरस मीटरमधला ५०० चौरस मीटरचा तुकडा आच्छादन पिकाविना ठेवा. पुढच्या हंगामात दोन्हीकडचं भात वेगळं मोजलं की शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही.

कृषी खात्याचं कृषी कार्ड काढलेलं असेल तर ते आणि एक-चौदाचा ताजा उतारा घेऊन एप्रिलमध्येच विभागीय कृषी कार्यालयात जा. हिरवळीच्या खताचं बियाणं, सौर कुंपण आणि यंत्रं यांवर त्या वर्षी काय सवलत आहे ते खरेदीच्या आधी विचारा. आधी खरेदी आणि मग अर्ज केला तर बरेचदा फाइल अडकते. पक्की बिलं ठेवा. सवलतीत मिळालेलं बी वहीत दोन भावांनी लिहा, सवलतीच्या आणि बाजाराच्या. बाजारभावाने हिशेब जमत असेल तरच पुढच्या वर्षी सवलत नसताना ते पीक करा.

आणि उतारावर वाळलेलं आच्छादन असेल तर फेब्रुवारीच्या आधी बागेभोवती तीन-चार मीटरचा पट्टा जमिनीपर्यंत खरवडून जाळपट्टा काढा, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. त्याच्या दोन-तीन हजेऱ्या ‘नवा खर्च’ या रकान्यात आधीच लिहून ठेवा. रस्त्याच्या कडेची बाग असेल तर चार.